चितरीची घरघर : आजारी कोंबडीच्या ४९ दिवसांच्या नोंदी

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. घरामागे खुराडं आहे : ४ फूट रुंद, ६ फूट लांब, वर पत्रा, दोन बाजूंना जाळी. डिसेंबरात त्यात घरच्या ७ गावरान कोंबड्या होत्या, एक कोंबडा होता आणि ८ डिसेंबरला आठवडे बाजारातून आणलेल्या दोन तांबड्या होत्या. आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणींकडे अशाच आठ-दहा कोंबड्या असतात आणि थंडीत दरवर्षी कुणाची ना कुणाची कोंबडी घरघर करत मरते. यंदा माझ्या घरी ही वेळ आली, तेव्हा रोज रात्री वहीत लिहून ठेवलं. जिथे चुकले तेही ठेवलंय, कारण पुढच्या बाईच्या कामी तेच जास्त येईल.

२६ डिसेंबर

सकाळी बाजरी टाकायला गेले तर चितरी शिंकली. मान झटकली, पुन्हा शिंकली. तीन वर्षांची कोंबडी, दोनदा पिल्लं काढलेली. डबा वाजला की सगळ्यात आधी तीच धावत येते. आज चौथी आली. थंडी फार पडली आहे, सर्दी झाली असेल म्हणून सोडून दिलं. खुराड्याची ताडपत्री खालून सुटली होती ती पुन्हा घट्ट बांधली.

२७ डिसेंबर

शिंका चालूच. पाण्यात चिमूटभर हळद टाकली. दुपारी नाकपुडीशी पातळ पाणी दिसलं आणि त्याला बाजरीचा कोंडा चिकटला होता. पदराने पुसलं. एवढंच केलं. आज दवाखाना उघडा होता, आजच जायला हवं होतं.

२८ डिसेंबर

रात्री साडेनऊला खुराड्याशी गेले. दिवसा कोंबड्यांच्या गलक्यात काही कळत नाही. सगळ्या बसल्यावरच खरा आवाज ऐकू येतो. चितरीला उचलून तिच्या पाठीला कान लावला. आत हुक्क्यासारखी गुडगुड होत होती, श्वास घेताना एक आवाज आणि सोडताना दुसरा. पिसं फुलवून बसली होती आणि दर श्वासाबरोबर शेपूट वरखाली होत होतं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे होते.

मग मोठी चूक केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, लसूण उकळलेलं तेल चोचीत सोड, कफ सुटतो. मी चोच उघडून अर्धा चमचा तेल एकदम ओतलं. चितरीने डोळे पांढरे केले, पंख फडफडले, चोच वासून ती माझ्या हातातच लोळागोळा झाली. तिला उभं धरून मान खाली केली तेव्हा थोडं तेल बाहेर आलं आणि दोन-तीन मिनिटांनी श्वास लागला. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

कारण सोमवारी डॉक्टरांनी दाखवलं. कोंबडीची जीभ खाली दाबली की तिच्या मुळाशी एक बारीक फट उघडमीट करताना दिसते. ते श्वासनळीचं तोंड. ते चोचीच्या इतकं जवळ असतं की चोच उघडून पातळ काहीही ओतलं तर ते पोटाऐवजी छातीत जातं. तेल तर तिथे चिकटूनच बसतं. पाणी किंवा औषध द्यायचं तर चोचीच्या कडेला एक-एक थेंब ठेवायचा आणि तिने स्वतः गिळेपर्यंत थांबायचं.

२९ डिसेंबर, रविवार

दवाखाना बंद. चितरीला वेगळं काढलं. केळीच्या खोक्याला भोकं पाडली, खाली गोणपाट टाकलं आणि ऊब मिळावी म्हणून खोकं चुलीजवळ ठेवलं. तासाभरात घरघर दुप्पट झाली. मला वाटलं दुखणंच वाढलं. संध्याकाळी सासूबाई भाकरी टाकत होत्या, काडी ओली होती, धूर झाला आणि चितरी चोच वासून श्वास घ्यायला लागली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जिची छाती भरली आहे तिला मी दिवसभर धुरात बसवलं होतं. खोकं उचलून मधल्या धाब्याच्या खोलीत नेलं. तिथे धूर नाही आणि जाड मातीच्या भिंतींमुळे रात्री फार गारठाही होत नाही. खोक्यावर २ फुटांवर ६० वॅटचा बल्ब टांगला, पण खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर, म्हणजे उकडलं तर तिला दुसऱ्या कोपऱ्यात सरकता येईल.

एका दुकानातून १२० रुपयांची पावडर आणली. पुडीवर नाव नाही, तारीख नाही, दुकानदार म्हणाला सगळ्या रोगांवर चालते. घरी आणून पाहिली आणि दिली नाही. १२० रुपये गेले.

३० डिसेंबर

सकाळी नऊला चितरीला डालग्यात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी मला कोंबडी धरायला शिकवलं. मी तिला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं होतं. ते म्हणाले, हात सैल करा. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो; छातीचं हाड वरखाली झालं तरच तिच्या हवेच्या पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात. छाती दाबून धरली तर कोंबडी न ओरडता गुदमरते. पंख अंगाशी धरायचे, छाती मोकळी सोडायची.

तपासताना ते काय बघत होते ते नीट लिहून घेतलं, कारण घरी आपणही एवढं बघू शकतो :

चोचीला नाक लावून वास घेतला. घाण, सडका वास आणि एका बाजूने सुजलेला चेहरा असेल तर तो कोरायझा, त्याचं औषध वेगळं. चितरीला वास नव्हता, तोंड सुजलं नव्हतं.

मोबाइलच्या उजेडात घसा पाहिला. आत पिवळसर खपल्या असतील तर तो घशातला देवी रोग. खपल्या नव्हत्या.

शिटाचा रंग विचारला. हिरवट-पांढरं पाण्यासारखं शिट, लुळे पंख, पिळवटलेली मान आणि पटापट मरणाऱ्या कोंबड्या, ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं. आमच्याकडे तसं काही नव्हतं आणि घरच्या कोंबड्यांना लहानपणी त्याची लासोटा लस दिलेली आहे.

तुरा आणि चोचीखालचे कल्ले पाहिले. निळे-काळे पडलेत का, अचानक किती मेल्या, हे दोनदा विचारलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, आपण खान्देशात आहोत, नवापूर विसरून चालत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरातच सापडला होता आणि तिथे लाखांनी कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. २०२१ मध्ये तिथेच पुन्हा आला. म्हणून एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात लावायचा नाही, कुणाला द्यायच्या नाहीत, आधी पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. आमची एकच आजारी, तीही हळूहळू, त्यामुळे ती भीती त्यांना वाटली नाही.

निदान : सीआरडी, म्हणजे जुनाट श्वसनरोग. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पूर्ण खात्री देता येत नाही, पण फेसाळ डोळे, रात्री वाढणारी घरघर आणि हळू चाल यावरून तेच, असं म्हणाले. टायलोसिन आणि डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविकं एकत्र असलेली पावडर दिली, पाण्यातून ५ दिवस. २१० रुपये. मात्रा मी इथे लिहीत नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या पुडीत औषधाची तीव्रता वेगळी असते आणि हिशेब कोंबडीच्या वजनावर होतो.

त्यांनी एक प्रश्न विचारला होता : खुराडं कसं आहे? मी अभिमानाने सांगितलं, चारही बाजूंनी ताडपत्री बांधली आहे, वाऱ्याची झुळूकही जात नाही. त्यांनी मान हलवली आणि येऊन बघतो म्हणाले. मला वाटलं कौतुकच केलं.

३१ डिसेंबर

औषधाचं पाणी मोजून ठेवलं : २५० मिली. संध्याकाळी मोजलं तर १९० उरलं होतं. म्हणजे चितरी ६० मिली प्यायली, आणि त्यातही काही सांडलं असणार. पावडर कडू आहे, मी बोट लावून चाखली. धडधाकट कोंबडी दिवसाला २०० मिलीच्या आसपास पाणी पिते. आजारी कोंबडी आधीच कमी पिते, त्यात कडू. पाण्यात औषध टाकलं म्हणजे पोटात गेलं असं धरून चालू नका, उरलेलं मोजा.

१ जानेवारी

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वजन करा, मी चोचीतून द्यायची मात्रा सांगतो. घरात छोटा काटा नव्हता, ३५० रुपयांचा आणला. चितरी १,०४० ग्रॅम भरली. दिवाळीत तिला तागडीत तोललं होतं तेव्हा सव्वा किलोच्या वर होती. पिसं फुलवून बसलेली कोंबडी जाड दिसते; हात लावला की छातीचं हाड सुरीसारखं लागतं.

सुई नसलेली सिरिंज १० रुपये. चोचीच्या कडेला थेंब-थेंब. पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली, कारण माझेच हात कापत होते. मुलाने डालगं मांडीवर धरलं, मी थेंब सोडले. प्रत्येक थेंबानंतर ती चोच दोनदा आपटायची आणि गिळायची. एकदाही ठसका लागला नाही.

२ जानेवारी

ती थोडी ताकद धरेल म्हणून भरड्यात शिंपल्याचा चुरा घातला होता. डॉक्टर म्हणाले, तो आधी काढा. कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतं, मग औषध रक्तात जातच नाही. म्हणजे तीन दिवस मी एका हाताने औषध देत होते आणि दुसऱ्या हाताने अडवत होते. औषधाचं पाणी उन्हातही ठेवायचं नाही आणि रोज ताजं करायचं.

आता खायला : दादर ज्वारीचा भरडा कोमट पाण्यात भिजवून, वर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. चार घास खाल्ले.

३ जानेवारी

बाजारातली एक तांबडी शिंकतेय. डोळ्यात तोच फेस.

आता आठवतंय, ८ डिसेंबरला आणल्या त्याच रात्री मी दोघींना सगळ्यांत सोडून दिलं होतं. नवीन कोंबडी तीन आठवडे तरी वेगळी ठेवायला हवी, वेगळ्या भांड्यात, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वेगळी जागा नव्हती म्हणून टाळलं. तिनेच आणलं की आमच्याकडेच आधीपासून होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट, मी चितरीला औषध देऊन त्याच चपलांनी, त्याच हातांनी खुराड्यात जात होते. आजपासून आधी निरोग्यांचं काम, मग आजाऱ्यांचं, दोन्हीकडे चपला वेगळ्या आणि मध्ये साबणाने हात.

४ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं, आता सगळ्यांनाच पाण्यातून ५ दिवस औषध द्या. आज सुरू केलं. अंडी १५ दिवस खायची नाहीत, विकायची नाहीत, आणि हे १५ दिवस शेवटच्या मात्रेपासून मोजायचे. रोजची एक-दोन अंडी खड्ड्यात पुरतेय. कुत्र्यालाही घालत नाही.

५ जानेवारी

पहाटे तांबडी मेली. काल संध्याकाळी दाणे टिपत होती.

तिला प्लास्टिकच्या पिशवीत, हातमोजे घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कापून दाखवली. मी बघणार नव्हते, पण बघितलं ते बरं झालं. चांगल्या कोंबडीच्या हवेच्या पिशव्या कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारख्या असतात, आरपार दिसतं. हिच्या दुधावरच्या सायीसारख्या जाड आणि पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यांत पनीरच्या चुऱ्यासारखे पिवळे गोळे होते. काळजावरही तसाच पांढरा थर. मायकोप्लाझ्मा नुसता असला तर कोंबडी सहसा मरत नाही, म्हणाले. त्याने वाट केली की मागून ई. कोलाय नावाचा दुसरा जंतू शिरतो आणि मग असं होतं. मायकोप्लाझ्मा बऱ्याच कळपांत गपचूप असतो. त्याला डोकं वर काढायला काहीतरी निमित्त लागतं.

मग म्हणाले, चला, खुराडं बघू.

६ जानेवारी

डॉक्टर काल दुपारी आले तेव्हा ताडपत्री वर केलेली होती, त्यांना फारसं कळलं नाही. ते म्हणाले, उद्या पहाटे दार उघडायच्या आधी आत डोकं घाला, कोंबडी जिथे बसते तेवढ्याच उंचीवर, जमिनीपासून फूटभर, आणि एक मिनिट थांबा.

आज साडेपाचला गेले. ताडपत्रीची एक कड उचलून गुडघ्यावर बसले आणि डोकं आत घातलं. वीस मोजेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. चाळीसला घसा खवखवला. साठ मोजता आले नाहीत. कांदा कापल्यासारखी, नाही, नवसागर हुंगल्यासारखी झोंब होती. हात वर केला तर पत्रा आतून ओला. थेंब टपकून खालची शेंगांची टरफलं भिजत होती, पाण्याचं भांडं सांडून कोपऱ्यात चिखल झाला होता, आणि त्या ओल्यात १० कोंबड्यांची महिनाभराची शिटं. ओली शिटं कुजली की अमोनिया होतो. तो कोंबडीच्या श्वासनळीची आतली बारीक लव मारतो. ती लवच जंतू बाहेर लोटत असते. मी उभी राहते तेव्हा माझं नाक पाच फुटांवर असतं, म्हणून महिनाभर मला काही जाणवलं नाही. त्या मात्र रोज रात्री बारा-तेरा तास त्यातच श्वास घेत होत्या.

मागे वळले तर सासूबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माय, तठे तर डोयाले झोंबस. तुले आतेलोंग वास नही उना का?" म्हणजे, तिथे तर डोळ्यांना झोंबतंय, तुला आतापर्यंत वास आला नाही का?

१२ डिसेंबरला त्यांनी ताडपत्री एका बाजूने सोडली होती आणि मी ती परत बांधली होती. त्यांच्या माहेरी कोंबड्यांना खुराडंच नव्हतं. "आमन्या कोंबड्या निंबवर बसेत. थंडीघाई कोंबडी नही मरस, कोंडमाराघाई मरस." म्हणजे, आमच्या कोंबड्या कडुनिंबावर बसत; थंडीने कोंबडी मरत नाही, कोंडमाऱ्याने मरते.

माझी सगळी माया त्या ताडपत्रीत होती, हे लिहिताना हात जड होतोय. कोंबडीला स्वतःची पिसं असतात. कोरडी असेल आणि अंगावर थेट वारा येत नसेल तर आपल्याकडची थंडी ती सहज काढते. तिला नको असतो तो ओलावा आणि कोंदलेली हवा.

७ जानेवारी

दिवसभर खुराड्याचं काम. चितरीची शेवटची मात्रा सकाळी.

सगळी टरफलं काढली, सहा घमेली भरली, लांब उकिरड्यात टाकली. काढताना नाकाला फडकं बांधलं. जमीन खरवडली, चुना भुरभुरवला, दिवसभर ऊन लागू दिलं. चुना हाताने कालवू नका आणि ओला असताना कोंबड्या आत सोडू नका, पाय भाजतात.

ताडपत्री पूर्ण काढली नाही. खालून अडीच फुटांपर्यंत ठेवली, म्हणजे बसलेल्या कोंबडीवर झोत येत नाही. वरचा दीड फूट पत्र्याखाली दोन्ही बाजूंना मोकळा, तिथे नवी बारीक जाळी लावली. जाळी २४० रुपये. मुंगूस आणि मांजर यांच्यासाठी ती लागतेच. गरम, ओली हवा वर जाते, तिला वरूनच वाट हवी. आधी मी वरून सगळं बंद केलं होतं, अगदी उलटं.

नवी कोरडी टरफलं ४ इंच, दोन पोती, १६० रुपये. पाण्याचं भांडं दोन विटांवर, पाठीच्या उंचीला. बसायला बांबू दीड फुटावर. चुना ६० रुपये.

९ जानेवारी

पहाटेची परीक्षा. साठ मोजले. फक्त टरफलांचा वास. पत्रा कोरडा.

१३ जानेवारी, भोगी

तिळाची बाजरीची भाकरी केली. चितरीने खोक्याबाहेर उडी मारली, चुलीपर्यंत आली आणि परातीतला तुकडा उचलून पळाली. वजन १,११० ग्रॅम. रात्री पाठीला कान लावला. आवाज आहे, पण खवळलेला नाही, लांबून कुणी घोरावं तसा.

१९ जानेवारी

काल रात्री फार गारठलं. मुलाला कोंबड्यांची काळजी वाटली, त्याने मला न सांगता वरची मोकळी बाजू पोत्यांनी बंद केली. सकाळी पत्रा पुन्हा ओला आणि दोन कोंबड्या शिंकत होत्या. एका रात्रीत. त्याला ओरडले नाही. मीही हेच केलं होतं. त्यालाच आत डोकं घालून साठ मोजायला लावले. पस्तीसला बाहेर आला. नंतर त्यानेच वरच्या जाळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे तिथे कुणालाच काही बांधता येणार नाही.

शिंका दुसऱ्या दिवशी थांबल्या, औषध लागलं नाही.

२७ जानेवारी

चितरीला परत सोडलं. चार आठवडे झाले. दिवसा सोडली असती तर बाकीच्यांनी टोचून काढली असती. कळपात महिनाभर नसलेल्या कोंबडीला पुन्हा परकीच समजतात. म्हणून रात्री अंधारात बांबूवर बाकीच्यांच्या मध्ये बसवली. सकाळी दोन-चार टोचण्या झाल्या, कोंबड्याने मध्ये पडून सोडवलं. दुपारी सगळ्यांबरोबर राखेत लोळत होती. वजन १,१९० ग्रॅम.

४ फेब्रुवारी

चितरीने अंडं दिलं. लहान, कवच थोडं खरखरीत. शिंपल्याचा चुरा २४ तारखेपासूनच पुन्हा चालू आहे. औषधाचे १५ दिवस २३ जानेवारीला संपले, त्यामुळे हे अंडं घरात घेतलं. त्याआधी एकूण २३ अंडी पुरली.

खर्चाचा हिशेब आज केला. पावडर १२० आणि २१०, सिरिंज १०, काटा ३५०, जाळी २४०, टरफलं १६०, चुना ६०, दवाखान्याच्या चार फेऱ्यांचं पेट्रोल ३०० : एकूण १,४५० रुपये. पुरलेली अंडी १२ रुपयांच्या भावाने २७६ आणि तांबडीचे ४५० धरले तर २,१७६. गटातल्या तिघींनी विचारलं, एवढ्यात चार नव्या कोंबड्या आल्या नसत्या का? आल्या असत्या, आणि त्याच खुराड्यात गेल्या असत्या. २६ डिसेंबरलाच आत डोकं घातलं असतं तर यातला जाळी, टरफलं आणि चुन्याचा ४६० रुपयांचा खर्च तेवढा लागला असता.

१२ फेब्रुवारी

आज राणीखेतची लस. डॉक्टरांनी मुद्दाम एवढे दिवस थांबवलं. लासोटा जिवंत लस असते, आजारी छातीला ती जड जाते. एक कुपी १०० कोंबड्यांची आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. माझ्या ९ कोंबड्यांसाठी फोडली असती तर बाकी वाया. म्हणून गटातल्या सहा घरांनी एकच वेळ ठरवली. सकाळपासून दोन तास पाणी बंद ठेवलं, मग विहिरीच्या पाण्यात साय काढलेली दूध पावडर आणि लस. कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणली. सात ते साडेआठ या वेळात सहाही घरं उरकली. प्रत्येक घरी मी खुराड्याशी बसून डोकं आत घातलं. दोन ठिकाणी डोळे झोंबले, तिथल्या ताडपत्र्या वरून लगेच सोडायला लावल्या.

परतताना शेजारच्या काकूंनी चितरीची बारा अंडी मागितली, त्यांची कोंबडी खुडूक बसली आहे आणि चितरीची पिल्लं काटक निघतात म्हणून. नाही म्हणाले. चितरी बरी दिसते, दाणे टिपते, अंडी देते, पण हा जंतू एकदा शिरला की कोंबडीत राहतो आणि अंड्यातून पिल्लातही जातो. आमच्या कळपाची अंडी आता फक्त खाण्यासाठी, उबवायला नाहीत. कोंबड्या विकायच्याही नाहीत आणि यांच्यात नव्या सोडायच्याही नाहीत. या सगळ्या जाईपर्यंत खुराडं असंच राहील.

काकू थोड्या नाराज झाल्या. त्यांना खाण्यासाठी सहा अंडी दिली आणि ती उबवायला ठेवू नका म्हणून दोनदा सांगितलं.